दोन आणि चार

मर्लीझ ट्रॉम्बोन घेऊन न्हाणीघरात बसते,
कारण तिथे आवाज मोठा होतो
आणि कारण उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही असतो.
मंगळवारी ऑडिशन. केप फ्लॅट्सच्या या वाळूतून
दोन टॅक्सी बदलून, डोंगराच्या कुशीत,
जिथे म्हणे झाडांनाही नावाच्या पाट्या आहेत.

यादी फ्रिजवर चिकटवलीय.
एफमधला ब्लूज. एक संथ गाणं, पाठ.
सगळ्या मेजर स्केल. समोर ठेवतील ते वाचून वाजवणं.
खाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, अरे देवा,
आणि त्याच्याखाली आईने, दूध.

अंकल कॉर्नी ख्रिसमस बँडमध्ये वाजवतो,
पांढरे बूट घालून, रात्रभर, घरोघर.
कागद त्याला फारसा वाचता येत नाही.
तो म्हणाला, पोरी, ब्लूज म्हणजे बारा घरांची गल्ली.
पाचव्या घराशी दिवा बदलतो,
नवव्यापाशी कुत्रं आहे,
बाराव्यातून निघालीस की पुन्हा पहिलंच दार.
पत्ता विसरू नकोस.
कुणाच्या दारात किती रेंगाळायचं ते तुझं तू बघ.

मर्लीझ पाचव्या घरात दरवेळी आधीच घुसते.
आता मलाही कळतं, आणि मी तर गोलकीपर.
अंकलच्या कॅसेटमधला ड्रमर तिच्यासाठी थांबत नाही.
स्लाइडचं तेल संपलं म्हणून तिने
आईचं हातांना लावायचं क्रीम चोपडलं,
तेव्हापासून सगळ्या स्केलना गुलाबाचा वास येतो.

शनिवारी आठला लाइट गेली.
ड्रमर गेला, बेस गेला, फ्रिज गेला,
आईचं शिलाई मशीन अर्ध्या बाहीवर अडलं.
अख्खी वस्ती वाऱ्याच्या ताब्यात.
न्हाणीघरातून काहीच नाही.
मला वाटलं, आता रडणार.

मग एक सूर आला, खालचा,
अंधारात भिंत चाचपत निघाल्यासारखा.
आणि आणखी काहीतरी. मी वळून पाहिलं तर
आईचा पाय अजून पेडलवर,
वीज नाही, तरी दाबतेय,
टक्,
दोनवर आणि चारवर.
एकवीस वर्षं फॅक्टरीत कॉलर शिवल्या तिने,
हे तिला कुणी शिकवलं?
विचारलं असतं तर थांबली असती, म्हणून नाही विचारलं.

पहिलं घर. दुसरं. तिसरं.
चौथ्यापाशी मी श्वास धरला.
मर्लीझ उंबऱ्यावर थांबली. खरंच थांबली,
क्षणभर तिथे कुणीच नव्हतं,
फक्त टक्,
आणि मग ती आत गेली.

लाइट आली तेव्हा कॅसेट मधूनच बोलायला लागली,
भलत्याच घरातून.
बंद कर गं त्याला, आई ओरडली,
आणि बाही पुढे ओढली.
मंगळवारचा शर्ट आहे तो.
उजवा हात दोन बोटं लांब ठेवलाय,
स्लाइडसाठी, म्हणते.