चार आण्यांचं वजन

टोनआर्मच्या टोकाला, सुईच्या बरोब्बर वर
चिकटपट्टीनं डकवलेलं चार आण्यांचं नाणं.
पट्टी पिवळी पडून काचेसारखी कडक झालेली.
"काढू नकोस," दिगंबरमामा म्हणाला,
"त्याच्यावरच तर चालतंय."

ओझरला तीस वर्षं विमानाच्या पंखाखाली उताणं पडून
ज्यानं एकेक रिव्हेट तपासला,
एक थाऊ इकडंतिकडं झालं तर अख्खा पत्रा परत पाठवला,
त्यानं घरात मात्र
चार आण्यांवर भागवलं.

दहीपुलावरून सराफ बाजारात गेले.
दुसान्यांनी काटा पुसला, पंखा बंद केला.
अडीच ग्रॅम. झिजलंय, केसभर कमी.
"सोनं असतं तर," म्हणाले, आणि पुढचं गिळलं.
मग विचारलं, सुईला सोसतं किती?
दोन.
आणि वर हे एवढं? किती वर्षं?
मी मनात बेरीज केली. सांगितली नाही.

आम्ही नाशिकची माणसं, पूर मोजतो
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यानं, कमरेनं, गळ्यानं.
केसाएवढ्या चरीतून चाललेल्या हिऱ्याच्या टोकाला
गुडघा कुठला.

घरी येऊन मागचं वजन फिरवत बसले,
मागं, पुढं, परत जरासं मागं,
आणि आर्म हवेत थांबला.
वर नाही, खाली नाही.
मामानं श्वास रोखला होता. मीही.
मग हळूच मध्याकडं ढकलला
तर कुणी पदर धरल्यासारखा
मागं फिरला.

पालथं घालून खालची पाटी उघडली.
चार तारा, केसाहून बारीक: लाल, पांढरी, हिरवी, निळी,
आणि त्या आवळून धरणारा जांभळा दोरा,
मामीच्या शिवणाच्या डब्यातला.
गाठ दुहेरी, पक्की,
विमान हादरलं तरी सुटणार नाही अशी.
मामानं बॅटरी जवळ आणली.
बराच वेळ बघत राहिला.
"लोंबत होत्या म्हणून," म्हणाला.
आणि मग, "कात्री दे."
त्याचा हात कापत होता, म्हणून मी मनगट धरलं.
गाठ त्यानंच कापली.

दोन ग्रॅम. पायाखाली एका बाजूला
दुमडलेलं पोस्टकार्ड, टेबल तिरकं होतं म्हणून.
रेकॉर्ड लावली.

दुसऱ्या अंतऱ्यात एक जागा आहे
जिथून सुई आमच्या घरात कायम उडायची.
आम्ही सगळे तसंच गायला शिकलो, उडी मारून;
माझ्या लग्नातसुद्धा तसंच गायलं गेलं
आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.
आज सुई उडाली नाही.
तिथं अर्धं आवर्तन होतं, खरखरीत, झिजलेलं,
आणि गाणारीनं घेतलेला एक श्वास,
अगदी जवळून.

मामा नेहमीसारखा उडी मारून
समेवर आधीच पोचला होता.
मांडीवर पडायचा हात तसाच वर धरून
गाणं येईपर्यंत थांबला.

बाजू संपल्यावर म्हणाला, "नाणं कुठंय?"
माझ्या मुठीत होतं.
गरम झालं होतं.