दोन मिनिटं चाळीस सेकंद

लासलगावला बोली चालू होती.
सत्तेचाळीस नंबरचा ट्रॅक्टर, उन्हाळ कांदा.
पावतीवर मी भाव लिहीत होतो, चौदाशे ए

नंतरचं सगळं ऐकीव.
माझ्याच अंगात घडलेलं,
मला सोडून सगळ्यांनी पाहिलेलं.
म्हणे दातखीळ बसली, म्हणे पँट ओली झाली,
कुणी चप्पल काढली, कुणी चमचा शोधला,
एकाने कांदा फोडून नाकाला लावला.
कांदा!
ज्या आवारात नऊ वर्षं
श्वासही कांद्याचाच घेतला
तिथे आणखी एकाने मी काय जागा होणार?

खळ्यावरची शेवंताबाई पगारे म्हणाली, सरका.
तिने मला कुशीवर वळवलं,
बारदानाची घडी डोक्याखाली दिली
आणि घड्याळासाठी एका व्यापाऱ्याचं मनगट
व्यापाऱ्यासकट धरून ठेवलं.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
तिचा धाकटा असाच होता, हे मागून कळलं.
'होता'च्या पुढे ती बोलली नाही.

नाशिकला डॉक्टरांनी कागद पसरला.
माझ्या डोक्यातली वीज:
बराच वेळ सपाट माळ,
मग एकदम चांदवडचे सुळके.
वायरिंग आहे, म्हणाले,
बहुतेकांचं गोळीने ऐकतं.
आईला पटलं.
स्थळं आली की मात्र
ती अजून 'पित्त' म्हणते.

रात्री नवाला गोळी.
ती पावती मी ठेवून घेतलीय.
'ए'पासून सुटलेली शाईची रेघ
थेट कागदाबाहेर गेलेली.
शेतकऱ्याला दुसरी फाडून दिली होती,
चौदाशे एकवीस.
मी विचारून घेतलं.