एक मिलिमीटर

नाव मधुसूदन केशव टाकसाळे, वय एकोणसत्तर,
निवृत्त आरेखक, पाटबंधारे खातं.
शपथेवर सांगतो की
मुठेची ती निळी रेषा मी ओढली.

ट्रेसिंगच्या कापडावर, बारीक रोटरिंगने,
एका मार्चमध्ये, पंखा बंद करून,
श्वास धरून. नदी ओढताना श्वास धरावाच लागतो,
नाहीतर काठ थरथरतो.
पंचवीस वर्षांतून एकदा पाणी इथवर येतं
असा तिचा अर्थ.
लाल रेषा तिच्याबाहेर, शंभर वर्षांची.
तिच्याकडे तेव्हाही कुणी पाहत नसे.

मग दुनाखे साहेब टेबलाशी आले.
दमदाटी नाही, काही नाही. चहा मागवला.
म्हणाले, टाकसाळे, या वळणावर जरा आत घ्या.
केसभर.
मी ब्लेडने शाई खरवडली, कापडावर पावडर चोळली,
आणि एक मिलिमीटर आत आलो.
एकास पाच हजार हे प्रमाण.
एक मिलिमीटर म्हणजे पाच मीटर.
पुढच्या सहा वर्षांत साहेब बदलले, चहा तोच.
केसभर, केसभर, असं आणखी तीनदा.

वीस मीटरांत काय मावतं?
एक लॉन, त्याचं पार्किंग,
जनरेटरची खोली,
खाली मेट्रोच्या खड्ड्यातला की कुठला तरी राडारोडा,
वर नारळाची झाडं, कुंडीतून आणलेली.
पाणी नाही मावत.
ते समोरच्या काठाला गेलं,
वायदंडे बाईंच्या घरात.

बाईंनी लवादात फोटो दिला.
भिंतीवर पेन्सिलच्या खुणा:
सोनल सातवी, सोनल आठवी, यश बालवाडी.
आणि त्या सगळ्यांच्या वर
चिखलाची एक आडवी खूण, जिला नाव नव्हतं.
समोरचे वकील म्हणाले, हा काही पुरावा नाही.
मग आमचं कापड आलं, पिवळं, घड्यांवर फाटलेलं.
कुणीतरी ते खिडकीशी धरलं
आणि चारही खरवडलेल्या रेषा दिसल्या,
उजेड त्यांच्यातून जास्त येत होता.
मला विचारलं, हे हस्ताक्षर कुणाचं?
रेषेला हस्ताक्षर म्हणणारा
आयुष्यात पहिला माणूस भेटला.
मी म्हणालो, माझं.

निकाल एकशे बारा पानी, इंग्रजीत.
नातीने स्वयंपाकघरात वाचून दाखवला, कुकरच्या शिट्ट्यांमधून.
मूळ रेषा जमिनीवर दगड रोवून आखा.
भराव तीन महिन्यांत काढा.
भरपाई इतके कोटी.
पान एकसष्टवर मी आहे, साक्षीदार क्रमांक चार,
आडनावात एक अक्षर कमी.

दगड आले. बत्तीस दगड, डोक्याला निळा रंग.
आठ रोवले
तोवर दिल्लीहून स्थगिती आली.
उरलेले चोवीस लॉनच्या फाटकाशी पडून आहेत,
लग्नाला आलेली माणसं त्यांवर बसून
मोजे घालतात.

काल बाईंकडे गेलो होतो. का, ते नीट सांगता येणार नाही.
माफी मागावी असं ठरवलं होतं,
ते राहूनच गेलं, चहा आला.
यश आता चौथीत. भिंतीशी ताठ उभा राहिला, टाचा टेकवून.
बाई म्हणाल्या, तुमचा हात सरळ आहे, तुम्हीच काढा.
त्याच्या डोक्यावर पट्टी धरली,
सवयीने श्वास धरला.
चिखलाच्या खुणेहून अजून चार बोटं खाली.

ही सरकवू नका हं, बाई म्हणाल्या,
आणि हसल्या. मी नाही हसलो.
बाहेर महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती,
खडकवासल्यातून रात्री विसर्ग वाढवणार,
नदीपात्रातली वाहनं काढून घ्या.
किती क्युसेक, ते वळणावर ऐकू आलं नाही.