हातचा

अनेर नदीवर पूल होतोय, त्याची पाटी मी रंगवली.
चार बाय सहा, निळ्यावर पांढरं,
कोपऱ्यात बारीक: पुंजू आर्टस, चोपडा.
कामाचे नाव. लेखाशीर्ष. अंदाजित रक्कम,
तिला शून्यं इतकी, की शेवटची दोन
फ्रेमला चिकटून बसवावी लागली.
दोषदायित्व कालावधी: पाच वर्षे.
हा शब्द लिहायला मला आवडतो.
दोषालाही दायित्व असतं, तेही मुदतीचं.

खाली तक्ता. टेंडरातच आहे म्हणे,
सरकारी कामावर लावावाच लागतो:
किमान वेतन, रोजचे.
अकुशल. अर्धकुशल. कुशल.
समोर तीन चौकोन.

"आकडे ऱ्हाऊ दे," दगा मुकादम म्हणाला.
दगा हे त्याचं नाव. आधीची दोन पोरं गेली,
म्हणून आईनं ठेवलं, दृष्ट लागू नये असं.
माणूस वाईट नाही.
डब्यातली कळण्याची भाकर मला अर्धी दिली.
"दर बदलतस ना भो. मंग भरूत."

तीन महिने चौकोन कोरे.
खांब वर आले. सातपुड्यातून आलेल्या बाया
ट्रॉलीच्या सावलीत पोरं निजवून खडी वाहायच्या.
मी पाटीचा गंजलेला पाय रंगवायला गेलो होतो,
तेव्हा सुरमीबाई पावरा घमेल्यासकट थांबली.
"हाई काय लिखेल शे?"
अकुशल, मी वाचलं.
"म्हंजे?"
म्हणजे ज्याला काही येत नाही.
ती हसली नाही, रागावली नाही.
मान तसूभर न हलवता वळली
आणि फळीवरून वर गेली.
वीतभर रुंद फळी,
खाली तीस फुटांवर अनेर, कोरडी, नुसते धोंडे.
मी कुशल.
ती फळी मी रिकाम्या डोक्यानंही ओलांडली नसती.

मग एका रात्री फोन. उद्या साहेब येणार,
कामगार खात्याचे. आकडे भर,
पण चुन्यानं भर, पुसता आले पाहिजेत.
दगानं मोबाइलचा उजेड धरला.
चुना भिजवायला वेळ नव्हता,
की पाणी नव्हतं, की मन नव्हतं,
यातलं कुठलं खरं ते आता मलाही सांगता येणार नाही.
ऑइलपेंटचा अर्धा डबा होता.
भरले.

साहेब आले. पाटीपुढे शेठ, शेठच्या हातात शहाळं,
असा फोटो निघाला.
हजेरीपटात ओळीनं अंगठे,
प्रत्येकासमोर पाटीवरचाच आकडा.
अंगठे तेवढे खरे होते.

गाडीची धूळ बसायच्या आत दगा पोतं घेऊन आला.
पाण्यानं घासलं, रॉकेलनं घासलं,
शेवटी विटेच्या तुकड्यानं.
थोडं निळं निघालं. आकडे तसेच.
"पुंजू, हाई काय करं तू?"
माझ्या बिलातले निम्मे कापले.
कुशलच्या चौकोनातला आकडा मीच काढला होता,
आपण त्याच्या किती खाली आहोत
हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

पाटी उलटी करायचं ठरलं, मग राहिलं,
कारण दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं
आणि काहीच नसलेली पाटी जास्त दिसते.

सुट्टीत सुरमीबाईची पोर आली, सेवंती,
आश्रमशाळेत तिसरीला.
पाटीच्या सावलीत उकिडवी बसून
काडीनं मातीत वजाबाकी मांडली:
वर पाटीवरचा, खाली आईच्या हातात पडतो तो.
एककातून एकक जाईना.
"हातचा घेना पडी," ती स्वतःशीच म्हणाली.
"कोना हातना?" दगानं विचारलं, गंमत म्हणून.
"बाजूना घरना. मंग तठे एक कमी करना पडस."
उत्तर आलं. तिनं ते ताडून पाहिलं.
मग सहानं गुणलं, आठवड्याचं.
मग आठवड्यांनी. मग बायांनी.
आकडा लांबत गेला, तशी ती
मागे मागे सरकत
पाटीच्या सावलीतून उन्हात आली.

दगा बघत उभा होता.
पाय उचलला त्यानं, पुसायला की काय कोण जाणे,
आणि आकड्याला वळसा घालून
पाण्याच्या टाकीकडे गेला.