तीनशे बिया

दोन माहितीपत्रकं टेबलावर, आठ दिवसांपासून.
एकावर कपाचा गोल डाग,
दुसऱ्यावर हरमटानची धूळ,
तिच्यात कुणीतरी बोटानं शून्य काढलंय.

पहिला कॅमेरा चारशे ते हजार नॅनोमीटर.
दुसरा नऊशेपासून सतराशेपर्यंत:
तिथे ओल दिसते, चरबी दिसते,
आणि किंमत अशी दिसते
की मावुएना बाई चष्मा काढून पुसत बसतात.

म्हैस पाण्यात आणि मोल चाललंय काठावर.
मी म्हटलं, दोन्ही इथे आणा, तेमाला.
कोको आमचा, वीजही आमचीच.

मंगळवारी आले.
हॅलोजनचे दिवे, सरकता पट्टा,
आणि मखमलीच्या डबीत एक पांढरी फरशी,
यंत्राला रोज सकाळी
पांढरं म्हणजे काय ते सांगण्यासाठी.
सेलोर्मचा शर्ट कडक इस्त्रीचा.
म्हणाला, एकेका ठिपक्यामागे दोनशे चोवीस पट्टे,
बरेचसे माणसाच्या डोळ्याला न दिलेले.

बिया निघाल्या.
अकरा बियांचा नकाशा उमटला, बारावीचं अर्धं पोट,
आणि दिवे गेले.

दुमसोर. घरच्या माणसासारखी हाक मारतो आम्ही त्याला.

अंधारात कुणी बोललं नाही.
खिडकीपाशी फक्त टक्. टक्.
निई तेत्तेइ काम करत होते.
रोज तीनशे बिया, उभ्या चिरायच्या,
एकतीस वर्षं.
बुरशी. पाटीच्या रंगाची. जांभळी. बरी.
ते सांगतात, मी लिहिते.

जनरेटर लागला. दिवे स्थिरावायला वीस मिनिटं.
तेवढ्यात त्यांनी सुरी पुसली, जवळ आले,
भिंगाकडे खालून वाकून बघितलं,
जसं कुणी नव्या जावयाकडे बघावं.
'हा शिकला कुणाकडे?'

सेलोर्म म्हणाला, कंपनीचं मॉडेल आहे, सीलबंद,
हजारो नमुन्यांवर तयार केलेलं.
'कुणाच्या बिया?'
सेलोर्मनं पत्रक उलटंसुलटं केलं.
'आणि चुकला, तर याला सांगायचं कसं?'

त्या रात्री मी फॉर्म भरला.
दुसरा कॅमेरा. खाली, शेऱ्याच्या रकान्यात:
याचं डोकं नको. नुसते डोळे द्या.
त्याप्रमाणे किंमत कमी करा.
मावुएना बाईंनी वाचलं, हसल्या नाहीत, सही केली.

आता प्रत्येक बी नंबर घेऊन दिव्याखालून जाते,
मग सुरीखाली.
निई मे महिन्यात निवृत्त होणार.
मी दिवस मोजत नाही, बिया मोजते:
कालपर्यंत एकोणीस हजार दोनशे.

बहुतेक वेळा चिरलं की लगेच शब्द येतो.
पण मधेच एखादी बी
ते उजेडात धरतात, नाकाशी नेतात,
दोन्ही अर्धुकं पुन्हा जुळवून बघतात.
'हिचं लिहू नकोस अजून, द्झिफा.'

पडद्यावर तिची रेघ केव्हाची तयार असते,
चढउतारांसकट.
रकाना रिकामा.
मी बोटं कळफलकावर ठेवून थांबते.