तीन घड्या

दर दुसऱ्या शनिवारी, दहा ते बारा,
चॅपलच्या मागच्या खोलीत मी टेबल मांडते.
त्याचा एक पाय आखूड आहे.
खाली मागच्या निवडणुकीचं पत्रक सारते,
मॉल्टबीसाहेबांचा चेहरा, चार घड्यांत.
मग टेबल हलत नाही.

एकोणीस वर्षं त्यांची पत्रं टाइप करतेय.
'आपली अडचण मी समजू शकतो'
हे वाक्य बोटांनाच पाठ आहे,
मला विचारावं लागत नाही.

बाहेर उत्तर समुद्र, भरतीचा, राखाडी.
आत केटली, आणि रांगेत सात माणसं.

साहेब वाईट नाहीत. हे आधीच सांगते,
कारण पुढचं ऐकून तुम्ही घाई कराल.
त्यांची आई गोदीत हेरिंग साफ करायची,
बोटांच्या चिरांत मीठ,
आणि मदतीचा सरकारी फॉर्म आला
की न उघडता शेगडीत.
"अंथरूण पाहून पाय पसरावेत," साहेब म्हणतात.
"सरकारजवळ स्वतःची दमडी नसते.
असते ती कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची,
पहाटे तीनला उठणाऱ्याची."
टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत
तो बेकरीवालाही असतो, डोळे तांबारलेले.
तो काही खोटं वाजवत नाही.

मार्चमध्ये साहेबांनी लंडनला जाऊन हात वर केला.
म्हाताऱ्यांचा हिवाळी भत्ता गेला.
मागोमाग नगरपालिकेनं तीन नंबरची बस काढली,
आणि वाचनालय 'स्वयंसेवकांच्या हाती' दिलं,
म्हणजे मंगळवारी,
मिस पिंचबेकचा गुडघा बरा असेल तर.

नोव्हेंबरात आयरीन स्टब्ज आली. चालत.
हीटरचं मीटर आधी पैसे खातं, मग ऊब देतं,
आणि तिच्याकडे खायला घालायला काही नव्हतं.
साहेबांनी पाकीट काढलं,
दोन नोटा तिच्या बशीखाली सरकवल्या.
"माणसानं माणसाला द्यावं," ते नंतर मला म्हणाले,
"खिडकीनं नव्हे."
त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

पंधरा दिवसांनी पुन्हा दोन नोटा.
मग पुन्हा. तेव्हा तिनं प्लमचा जॅम आणला.
त्यानंतरच्या खेपेला विणलेले हातमोजे,
एक अंगठा जरा लांब.
त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली नाही.

"गाडी काढ," साहेब म्हणाले.

कोट, टोपी, मफलर घालून ती
स्वतःच्या स्वयंपाकघरात बसली होती,
बसस्टॉपवर बसावं तशी.
"थंडी सोसते हो मला," ती म्हणाली,
"दर पंधरवड्याला आभार कुठून आणू?
जॅम संपला. लोकर संपली.
तो भत्ता तपकिरी पाकिटातून यायचा.
पोस्टमन दारातून टाकायचा, चालू लागायचा.
माझ्या रॉयच्या पगारातून
एकतीस वर्षं कापून घेत होते.
मला वाटायचं, ते माझंच आहे."

साहेब टोपी हातात फिरवत उभे राहिले.
मीटरमध्ये काय घातलं, किती घातलं,
मी पाहिलं नाही. खिडकीतून
बंद बसचा खांब बघत होते.

परतताना चौकापर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, "कापायचं तर कुठून तरी कापावंच लागतं.
ना?"
एकोणीस वर्षांत त्यांच्या वाक्याला
शेपटीला 'ना' लागलेला
मी पहिल्यांदा ऐकला.
उत्तर मी दिलं नाही. सिग्नल हिरवा झाला.

सोमवारी त्यांनी तपकिरी पाकिटं मागवली, डझनभर.
पाठवणाऱ्याचं नाव नको, म्हणाले,
पत्ता टाइप कर, हातानं नको.
वसंतात पुन्हा मतदान झालं.
त्यांनी तेच मत दिलं.

टेबलाचा पाय अजून आखूडच आहे.
यंदाचं पत्रक जाड कागदावर छापलंय,
तीन घड्यांत भागतं.