हात

डंडीच्या वाचनालयात, तळघरात,
एल्स्पेथ गेडी जुनी वर्तमानपत्रं उलगडते.
कागद तागाच्या रंगाचा, कडांचा भुगा बोटांवर.

जानेवारी, अठराशे एक्क्याऐंशी :
ज्यूट गिरणीला पाहिजेत साठ हात.
बायकांचे चालतील. मुलांचे स्वस्त.
त्याच पानावर, खाली कोपऱ्यात,
देवमाशामागे गेलेलं ‘मार्गारेट बेन’
सर्व हातांसह बुडालं.
हात तेवढे बुडाले;
उरलेल्या माणसांचं काय झालं
ते बातमीदारानं कळवलेलं नाही.

मार्चमध्ये मिस ऑक्टरलोनी
एका पाद्र्याच्या हातात हात देते, तिसऱ्या पानावर, फुलांसकट.
मेमध्ये एक सुतार
स्वतःच्याच हातानं गेला. दोन ओळी.

आणि ऑगस्टात, बटाट्याच्या भावाखाली :
‘गिरणीतल्या एका हाताचा
हात पट्ट्यात सापडला.
वय अकरा.
काम दुपारी पुन्हा सुरू.’

एल्स्पेथ ते वाक्य परत वाचते.
खिळे जुळवणाऱ्यालाही
खटकलं नसेल का, एकापाठोपाठ
तोच शब्द दोनदा लावताना?

सूचीच्या कार्डावर नावाची चौकट असते.
ती पेन्सिल टेकवते, उचलते.

चार वाजता दिवे जातात.
कोटाच्या खिशात हातमोजा एकच.
दुसरा सकाळी बसमध्ये राहिला असेल.